वाईट बातमी साहेबांपर्यंत किती सेकंदांत पोचते? अग्निशमन केंद्रातल्या तीन पिढ्यांसाठी संवादाचं प्रशिक्षण

नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. एका गोदामाच्या आगीत मी होज (पाण्याचा पाइप) धरून उभा होतो आणि डोक्यावरच्या पत्र्याचा आवाज बदलला. आधी नुसती तडतड होती, मग कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू यायला लागलं. आमचे साहेब पाच हातांवर होते. मी म्हटलं, "साहेब, एक सांगू का?" ते म्हणाले, "नंतर." मी गप्प बसलो. मिनिट-दीड मिनिटात पत्रा खाली आला आणि शेजारच्या जोडीदाराचा खांदा भाजला. साहेब पुढे कितीदा तरी म्हणाले, "अरे, तू नुसतं 'पत्रा' म्हणाला असतास तर!" त्यांचं बरोबर होतं. पण आगीत साहेबांशी कसं बोलायचं हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं, हेही खरं होतं.

आता मी त्या साहेबांच्या वयाचा आहे. मुंबई परिसरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना संवादाचं प्रशिक्षण देतो. पहिल्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारतो: तुमच्या सर्वांत नवख्या जवानाला दिसलेली वाईट गोष्ट तुमच्या कानावर यायला किती सेकंद लागतात? पुढे जे लिहिलंय ते सगळं हे सेकंद कमी करण्यासाठी आहे.

हा लेख केंद्र अधिकारी, सहायक विभागीय अधिकारी आणि त्यांच्या वरच्यांसाठी आहे. महापालिकेच्या दलाखेरीज विमानतळ, बंदर, माहुलच्या रिफायनऱ्या अशा ठिकाणी स्वतंत्र दलं आहेत. पदांची नावं बदलतील, पद्धत तीच चालते. साहित्य फार लागत नाही: दोन वॉकी-टॉकी, एक स्टॉपवॉच, कोऱ्या चिठ्ठ्या आणि प्रत्येकी दीड तासाच्या चार बैठका. सलग दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ नका. केंद्र रिकामं ठेवता येत नाही, आणि एकदा ऐकलेलं बोलण्यात मुरायला मध्ये आठवडा जावा लागतो. बैठकीत वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली तर बैठक तिथेच सोडायची. परत आल्यावर त्याच कॉलवर (वर्दीवर) बोलायचं, त्याहून चांगला धडा कुठल्याही स्लाइडमध्ये मिळत नाही.

पिढी म्हणजे इथे काय?

केंद्रात साधारण तीन थर दिसतात. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेले अधिकारी आणि लीडिंग फायरमन. मधले, पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेले सब ऑफिसर आणि यंत्रचालक. आणि गेल्या काही वर्षांत भरती झालेली मुलं-मुली, ज्यांच्यात पदवीधर बरेच आहेत.

जन्मसालावरून माणसाचा स्वभाव ठरवणारे तक्ते प्रशिक्षणाच्या बाजारात खूप मिळतात. ते वापरू नका. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेच्या समितीनं या विषयावरचं संशोधन तपासलं. कर्मचाऱ्यांना पिढ्यांच्या कप्प्यांत टाकून निर्णय घेण्याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष तिनं काढला. माझा अनुभव तसाच आहे. आजची मुलं ऐकत नाहीत असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला मी विचारतो, "तुम्ही काम कसं शिकलात?" उत्तर बहुतेक एकच येतं: उस्तादाच्या मागे धुरात उभं राहून. उस्ताद समजावून सांगत नसे. हात धरून मागे ओढे, किंवा शिवी देई, आणि त्यातून कळे. नवा जवान पुस्तक, व्हिडिओ आणि प्रश्न विचारून शिकलाय. त्यानं "का?" विचारलं की जुन्याला उद्धटपणा वाटतो. जुन्यानं दोन शब्दांत हुकूम सोडला की नव्याला अपमान वाटतो. दोघांच्या शिकण्याची रीत वेगळी आहे, हे दोघांना समोरासमोर बसून कळलं की अर्धा राग उतरतो. उरलेल्या अर्ध्यासाठी सराव लागतो.

पायरी पहिली: आठवडाभर नुसतं ऐका

प्रशिक्षण देणाऱ्यानं आधी एक आठवडा केंद्रात बसावं. रोल कॉल, वॉच रूम (वर्दी घेण्याची खोली), ड्रिल, जेवणाची वेळ, सगळं ऐकावं. वहीत फक्त तीन गोष्टी टिपाव्यात. हुकूम मिळाल्यावर तो किती वेळा परत सांगितला गेला? खालच्यानं वरच्याला न विचारता आपणहून माहिती किती वेळा दिली? आणि त्यावर वरच्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता आला?

हा तिसरा रकाना सर्वांत बोलका असतो. "काय?", "बोल", "तुला कुणी विचारलं?", "माहितीये मला", "नंतर". एका केंद्रात आठवड्याच्या वहीत "माहितीये मला" अकरा वेळा आलं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांना मी ती वही एकट्यात दाखवली. ते बराच वेळ पान बघत बसले.

आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या. प्रश्न एकच: "सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही, असं शेवटचं कधी झालं?" नाव लिहायचं नाही, कॉलची तारीख लिहायची नाही. चिठ्ठ्या प्रशिक्षकानं वाचायच्या, त्यातले विषय वेगळ्या शब्दांत लिहून काढायचे आणि मूळ चिठ्ठ्या सगळ्यांदेखत फाडायच्या. अधिकाऱ्यांनी अक्षर ओळखायचा प्रयत्न केला, तर हे प्रशिक्षण तिथेच संपतं. हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

पायरी दुसरी: कुणी कुणाबरोबर बसायचं

पहिली बैठक फक्त अधिकाऱ्यांची ठेवा. वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसाला आपल्या सवयीबद्दल खालच्यांसमोर ऐकवलं तर तो बचावाला उतरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. बंद दाराआड तोच माणूस मोकळेपणानं सांगतो की, "मी नव्या पोराला घाबरतो, त्याला मोबाइलवर माझ्यापेक्षा जास्त कळतं."

दुसऱ्या बैठकीपासून सगळे एकत्र. खुर्च्या गोलात मांडा आणि हुद्द्यानुसार बसू देऊ नका. गणवेश असू दे. गणवेश काढून समानता आणायची कल्पना मला पटत नाही, कारण सराव करायचाय तो गणवेशातल्या बोलण्याचा. खालच्यानं वरच्याला "साहेब" किंवा "मॅडम"च म्हणावं.

महिला जवानांच्या बाबतीत एक गोष्ट इथेच मिटवा. जुने सहकारी त्यांना कधी "बेटा" म्हणतात, कधी "मॅडम", आणि हुकूम देताना आवाज मऊ करतात. हेतू चांगला असतो, पण रेडिओवर "बेटा" म्हणजे नेमकी कोण, हे कुणालाच कळत नाही. पुरुष जवानाला ज्या आडनावानं हाक मारता, तशीच महिला जवानाला मारा.

पायरी तिसरी: आकडे, मजले, बाजू

संवाद म्हटलं की लोकांना स्वभावाच्या गोष्टी अपेक्षित असतात. मी आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण पिढ्यांमधली सर्वांत धोक्याची दरी तिथे आहे आणि ती एका दुपारी बुजवता येते.

जुन्या अधिकाऱ्याच्या तोंडी "एकोणसाठ" सहज येतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला ते ५९ की ६९ हे ठरवायला दोन सेकंद लागतात, आणि बीए सेटच्या (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या हवेच्या सिलिंडरच्या) मास्कमधून आलेला "त्रेपन्न" आणि "त्रेसष्ट" यांतला फरक तर दोघांनाही कळत नाही. नियम करा: रेडिओवर आकडे सुटे. "पाच नऊ." "एक दोन शून्य बार" (बार म्हणजे दाबाचं माप). सुरुवातीला जुन्यांना हे पोरकट वाटतं. दोन वॉकी-टॉकी घ्या, एकाला बीए सेट घालून जिन्याच्या टोकाला पाठवा आणि वीस आकडे वाचायला लावा, आधी जोडून, मग सुटे. चुका फळ्यावर मांडा. पुढे समजवावं लागत नाही.

मजल्यांचंही असंच. चाळीत "दुसरा माळा" म्हणजे काय, यावर रहिवाशांतही एकमत नसतं. टॉवरमध्ये खाली पोडियम पार्किंगचे मजले असतात, काही ठिकाणी लिफ्टमध्ये १३ हा आकडाच नसतो. म्हणून मजला सांगताना मोजणी कुठून केली हेही सांगायचं: "रस्त्यावरून मोजून एक दोन, लिफ्टमध्ये नऊ." जोडीला रेफ्यूज एरिया (आगीत आसऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा) वर आहे की खाली, तेही सांगता आलं तर उत्तम. बाजूंसाठी "डावीकडे, उजवीकडे" बंद करा. मुख्य रस्त्याची बाजू "ए", तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे "बी", "सी", "डी". पाठीमागची गल्ली नेहमी "सी". कुणाची डावी, हा वादच उरत नाही.

आणि मराठी वाक्याचा एक धोका. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. "पाणी सोडू नका" म्हणताना बटण अर्धा सेकंद आधी सुटलं तर पलीकडे "पाणी सोडू" एवढंच पोचतं. म्हणून रेडिओवर नकारार्थी हुकूम द्यायचेच नाहीत. "पाणी बंद." "आहे तिथे थांबा." "मागे या." बटण दाबून एक सेकंद थांबायचं, बोलून झाल्यावर एक सेकंदानं सोडायचं.

पायरी चौथी: हुकूम परत सांगणं

साखळी अशी: ज्याला सांगायचं त्याचं आडनाव, काम, जागा. ऐकणारा ते स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. सांगणारा "बरोबर" म्हणतो. त्यानंतरच पाय हलवायचा.

"शिंदे, दोन माणसं घेऊन सी बाजूचा जिना तपासा, वर चढायचं तीन मजल्यांपर्यंतच."
"सी बाजूचा जिना, आम्ही तिघं, तीन मजल्यांपर्यंत."
"बरोबर."

नुसतं "हो साहेब" हे उत्तर बाद. हे सर्वांत अवघड जातं ते मधल्या पिढीला, कारण "हो साहेब" हीच त्यांची वीस वर्षांची शिस्त आहे. त्यांना मी सांगतो की परत सांगण्यात तुमच्या समजेवर शंका नाही. साहेबांच्या तोंडून चुकीचा मजला निघाला असेल, तर तो पकडायची ती शेवटची जागा आहे.

घटनास्थळाहून नियंत्रण कक्षाला खबर देताना तीन "काय" वापरा: काय दिसतंय, काय करतोय, काय हवंय. "तळ अधिक चार मजली जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावर ए बाजूला ज्वाळा, जिन्यात धूर. दोन लाइन चालू, माणसं बाहेर काढतोय. आणखी दोन पाण्याचे टँकर आणि शिडी हवी." पंधरा सेकंदांत होतं. वाईट बातमी अधिकाऱ्यालाही वर सांगायची असते, याची आठवण इथे करून द्या. आगीची लेव्हल (तीव्रतेची श्रेणी) वाढवून मागणं म्हणजे कमीपणा, असं मानणारे अधिकारी मला भेटलेत. साहेब स्वतः नियंत्रण कक्षाला स्पष्ट आणि वेळेवर सांगताना जवानांना ऐकू आले, की तेही साहेबांना सांगायला लागतात.

पायरी पाचवी: खालून वर बोलणं

हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. याला एक सबंध बैठक द्या, घाई करू नका.

सुरुवात स्पेनमधल्या टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघातानं करा. २७ मार्च १९७७, दोन जंबो विमानं धुक्यातल्या धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यांतल्या केएलएम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनीअरनं समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असा प्रश्न विचारला होता. अनुभवी कॅप्टननं तो उडवून लावला. या आणि अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं, आणि तेच पुढे काही देशांतल्या अग्निशमन दलांनी उचललं.

मग आपल्या भाषेकडे या. मराठीत लहानानं मोठ्याशी बोलताना वाक्य मऊ करायची रीत आहे. "साहेब, एक सांगू का?", "बहुतेक", "मला आपलं वाटतं", "जरा बघता का?" घरात, कचेरीत ही रीत छान आहे. आगीत तिच्यामुळे मुख्य शब्द वाक्याच्या शेवटी जातो, आणि तिथवर ऐकायला कुणाला वेळ नसतो. मर्यादा सोडायची गरज नाही. फक्त "साहेब"च्या लगेच पुढे वस्तूचं नाव यायला हवं. चार पायऱ्यांची शिडी पाठ करून घ्या:

"साहेब, जिना! आवाज बदललाय." इथे फक्त दिसलेलं किंवा ऐकलेलं सांगायचं.
"साहेब, जिना बसेल, आत चौघं आहेत." आता धोका.
"साहेब, चौघांना बाहेर बोलावतो." आता उपाय.
"थांबा!" शेवटचा शब्द.

"थांबा" हा शब्द राखीव ठेवा. तो कुणीही उच्चारला, कालचा भरती झालेला मुलगा असला, तरी सगळे आहेत तिथे थांबतील आणि अधिकारी तीन सेकंदांत ठरवेल. निर्णय अधिकाऱ्याचाच. त्याचा अधिकार कुठेच कमी होत नाही, निर्णय घ्यायला त्याच्या हातात माहिती वेळेवर येते. "थांबा" चुकीचं ठरलं तरी त्याबद्दल कुणाला बोललं जाणार नाही, हे केंद्रप्रमुखानं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि पाळायचं. पहिल्यांदा "थांबा" चुकेल तेव्हा सगळं केंद्र साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत असेल.

अधिकाऱ्यांच्या बाजूचा सराव याहून छोटा आणि याहून कठीण आहे. कुणीही "साहेब" म्हटलं की पहिला शब्द "बोल". ऐकल्यावर "ऐकलं". मग निर्णय. "नंतर" आणि "माहितीये मला" हे दोन शब्द महिनाभर बंद. सरावात एकाला मुद्दाम चिडलेला साहेब करा, होजचा आवाज मोबाइलवर मोठ्यानं लावा आणि नव्या जवानाला शिडी चढायला लावा. नंतर भूमिका बदला. साहेबांना जवान करा. तीस वर्षं नोकरी झालेले अधिकारी या खेळात "साहेब, एक सांगू का?" वरच अडकतात, आणि मग हसतात, आणि मग गप्प होतात.

बीए सेट घालून आत अडकलेल्यासाठी वेगळा साचा हवा: तीनदा "मेडे" (जीव धोक्यात असल्याची हाक), मग जागा, आडनाव, हवेचा दाब, अडचण. ३०० बारचं सिलिंडर साधारण ५५ बारला शिट्टी देतं. पण जवानानं शिट्टीची वाट बघायची नसते. संकटात आहोत हे कबूल करायला लाज वाटते, आणि ही लाज नव्यापेक्षा जुन्याला जास्त असते. म्हणून मेडेचा सराव सर्वांत ज्येष्ठ माणसाकडून सुरू करा.

पायरी सहावी: "का?" ची जागा

आगीवर "का?" नाही. पण विचारलेल्या प्रत्येक "का?"चं उत्तर त्याच शिफ्टमध्ये, केंद्रात. हा दोन पिढ्यांमधला करार आहे आणि तो दोन्हीकडून पाळला गेला तरच टिकतो. वॉच रूममध्ये एक साधी वही ठेवा. जवानानं प्रश्न लिहायचा: "आधी वरची खिडकी फोडायला नाही का म्हणालात?" अधिकाऱ्यानं उत्तर तोंडी द्यायचं आणि वहीत सही करायची. पहिल्या महिन्यात काही अधिकाऱ्यांना उत्तर देता येत नाही. त्यांना ते हातानं माहीत असतं, तोंडानं सांगता येत नाही. "उत्तर मला शोधून सांगावं लागेल" असं लिहिलेली सही मी पाहिलीय, आणि त्या अधिकाऱ्यांचा मान त्या दिवशी वाढलेला पाहिलाय.

पायरी सातवी: मोबाइल

हे थोडक्यात. हुकूम व्हॉट्सॲपवर द्यायचा नाही. मेसेज गेला म्हणजे साहेबांना कळलं, असं नवी मुलं धरून चालतात. साहेबांनी ग्रुप म्यूट केलेला असतो. बिघाड, म्हणजे गळकी होज, कमी भरलेलं सिलिंडर, न चालणारा वॉकी-टॉकी, तोंडी सांगायचा आणि नोंदवहीत लिहायचा. ग्रुप फक्त शिफ्टची आठवण आणि शुभेच्छांसाठी. घटनास्थळाचे फोटो, विशेषतः जखमींचे, कुठल्याच ग्रुपवर नाहीत.

पायरी आठवी: कॉलनंतरची दहा मिनिटं

गाडीला टेकून, होज गुंडाळायच्या आधी किंवा चहा यायच्या आत. चार प्रश्न: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. बोलायचा क्रम उलटा, सर्वांत नवा जवान आधी, अधिकारी सर्वांत शेवटी. अधिकारी आधी बोलले की बाकीचे फक्त मान डोलावतात, हे प्रत्येक केंद्रात दिसतं.

कुणाची चूक शिस्तीचा विषय असेल तर ती इथे काढायची नाही. ती वेगळ्या खोलीत, दोघांतच, त्याच दिवशी. त्या बोलण्याचाही सराव हवा. "तुम्ही नवी पोरं असेच" ऐवजी "आज पावणेचारला तू लाइन सोडून वर गेलास, मला दिसलं नाहीस, मी तुला शोधायला माणूस पाठवला." घडलेली गोष्ट, तिचा परिणाम, मग "तुझी बाजू सांग." मग ऐकणं.

गल्ली-फेरी: जुन्यांकडे जे आहे ते नव्यांकडे

मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वर्गात होतच नाही. दर पंधरवड्याला एक जुना आणि एक नवा, अशी जोडी हद्दीत पायी फिरायला पाठवा. मशीद बंदर, भुलेश्वर, काळबादेवी अशा भागात मोठी गाडी कुठवर जाते, कुठल्या इमारतीत लाकडी तुळया आहेत, कुठला जिना एकुलता एक आहे, कुठे मागच्या बाजूनं शिरता येतं, हे ज्येष्ठांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर जातं. नव्यानं ते मोबाइलच्या नकाशावर टिपायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचं. चालताना आपोआप उलटी शिकवणीही होते. मुलगा साहेबांना नकाशावर खूण कशी करायची ते दाखवतो आणि साहेब त्याला भिंतीतली भेग वाचायला शिकवतात. ज्यांचं वर्गात कधी जमलं नाही अशा जोड्या या फेरीत जमलेल्या मी पाहिल्यात.

काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या इमारतीला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलानं चार अधिकारी गमावले: प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. ते सगळे पुढे उभे राहून काम करणारे होते. गल्ली-फेरीत जोडी त्या भागातून जाते तेव्हा दोन मिनिटं थांबायला सांगा. त्या दिवशी काय करायला हवं होतं, यावर शेरे मारू देऊ नका. चार अनुभवी माणसांबरोबर किती ज्ञान गेलं, एवढंच बोला, आणि मग पुढच्या इमारतीचा जिना बघायला जा.

१४ एप्रिलच्या परेडलाही असाच अर्थ देता येतो. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जवान गेले. चौकशीत ज्या चुका निघाल्या त्यांतल्या दोन थेट सांगण्याच्या होत्या: धोकादायक माल असल्याचा लाल बावटा जहाजावर लावलेला नव्हता, आणि अग्निशमन दलाला वर्दी उशिरा गेली. दरवर्षी पुष्पचक्र वाहिल्यावर नव्या जवानांना हे दोन मुद्दे सांगा. परेडमध्ये उभं असताना कशासाठी उभे आहोत, ते त्यांना कळू दे.

मोजणं

तीन महिन्यांनी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेऊ नका. त्यात सगळे "उत्तम" लिहितात. हे करा.

महिन्यातून एकदा, साध्या ड्रिलमध्ये, एक धोका गुपचूप पेरा. एखाद्या होजची जोडणी ढिली ठेवा, किंवा प्रशिक्षकानं जिन्याच्या कोपऱ्यात "इथे भेग" असा लाल कागद लावावा. जागा अशी निवडा की तिथे सर्वांत नवा जवानच पोचेल. खऱ्या इजेची शक्यता असेल असं काही करायचं नाही, आणि बीए सेटशी तर कधीच खेळायचं नाही. जवानाची नजर पडली की स्टॉपवॉच चालू. ड्रिलच्या प्रमुखानं "ऐकलं" म्हटलं की बंद.

आकडा वॉच रूमच्या फळ्यावर लिहा, नाव न लिहिता. मी पाहिलेल्या एका केंद्रात पहिल्या महिन्यात बातमी वर पोचलीच नाही. ड्रिल संपल्यावर मुलगा म्हणाला, "दिसलं होतं, पण साहेब कामात होते." दुसऱ्या महिन्यात चाळीस सेकंद लागले, कारण तो आधी लीडिंग फायरमनला शोधत होता. चौथ्या महिन्यात नऊ सेकंद. फळ्यावर नऊ लिहिलं तेव्हा तो मुलगा ड्यूटीवर नव्हता. लीडिंग फायरमननं फळ्याचा फोटो काढला आणि त्याला फोन करून सांगितलं.